काळ्या बॉनेटवरची वर्तुळे

जनू,

बंगल्यावर नवा ड्रायव्हर आला आहे आणि तो गाडी कोरड्या फडक्याने पुसतो.

काल तुझा दहावा होता. समुद्रावरून परत येताना बाकीचे लोक पुढे गेले आणि मी बंगल्याच्या फाटकाशी थांबलो. सुमारे पाच मिनिटे पाहिले. फडके जाड, खाकी, बहुधा जुन्या विजारीचे होते. ते एकदाही पाण्यात बुडले नाही. बॉनेटवर धूळ होती, धुळीत वाळू असणारच, आणि त्यावरून हात गोल गोल फिरत होता. गाडी पुसताना तो शीळ घालत होता.

मला तुझा राग आला आहे. हे सुरुवातीलाच लिहितो. तू गेलास याचा तो राग नाही. माणसे जातात, आणि त्यांच्या जाण्याच्या बातम्या नीट करून छापायला देणे हे माझे बारा वर्षांचे काम आहे. राग आहे तो तू न सांगितलेल्या गोष्टींचा. त्या मला काल वहिनींकडून समजल्या, तेही मी विचारले म्हणून. तुझे चालले असते तर त्या कधीच समजल्या नसत्या.

आपण अलिबागच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी आमची नागावची वाडी सोडून मुंबईला वर्तमानपत्रात गेलो आणि तू, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, पनवेलला लॉरी चालवायला शिकलास. काही वर्षांनी मुंबईच्या एका कापडवाल्या शेठनी नागावला समुद्राजवळ बंगला घेतला आणि तू त्यांचा ड्रायव्हर झालास. शेठ शनिवारी लाँचने रेवसला उतरायचे. तू त्यांना तिथून आणायचास आणि सोमवारी सकाळी परत सोडायचास. मधले दिवस गाडी तुझ्या ताब्यात. विलायती, चार दारांची, काळी गाडी. तू तिला ‘ती’ म्हणायचास, आणि वहिनी त्यावरून तुला बोलायच्या. घरात दोघी नांदतात, असे त्या म्हणायच्या.

त्याच लाँचवर मी दर शनिवारी जुन्या पेपरांचा एक गठ्ठा देत असे. सुतळीने बांधलेला, वर तुझे नाव. तू तो शेठच्या सामानाखाली लपवून आणायचास, कारण शेठना माझा पेपर आवडत नसे. रेवसच्या धक्क्यावर त्यांच्या हाताला कधी लागला असता तर काय सांगणार होतास, असे मी एकदा विचारले होते. मासळी गुंडाळायला घेतलाय म्हणून सांगेन, म्हणालास, आणि शेठ म्हणतील, चल, तेवढ्या कामाचा आहे खरा.

गठ्ठ्याचा एक उपयोग मीच तुला शिकवला होता. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तू गाडीची पुढची काच पुसत होतास आणि ती धुरकट राहत होती. आमच्या छापखान्यात काचा पेपरने पुसतात. ओल्या कागदाने एकदा, कोरड्या कागदाने एकदा, आणि काच लख्ख होते. मी ते करून दाखवले. तुझा चेहरा उजळला. आणि मग मी आणखी एक वाक्य बोललो. काच चमकते तर पत्रा का नाही चमकणार, असे ते वाक्य होते. तेव्हा ते मला विनोदी वाटले असावे. मला ते आठवतही नव्हते. काल वहिनींनी आठवण करून दिली.

यंदाच्या चैत्राअखेरीस शेठनी तुला बॉनेटसमोर बोलावले. हे तुझ्या पत्रात आहे आणि पत्र माझ्यासमोर आहे. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन तिरपे होते. शेठ समुद्रावर फिरून आले होते. बॉनेटमध्ये सूर्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याच्याभोवती बारीक बारीक रेघांची वर्तुळे दिसत होती. तू लिहिलेस, ‘केसाएवढ्या रेघा. कोळ्याच्या जाळ्यागत. सावलीत गाडी नेली की काहीच न्हाय, उन्हात आली की सगळी जाळी उठते. नख फिरवलं तर लागत न्हाय.’ आमच्या जिल्हा वार्ताहरांपैकी एकालाही इतके नेमके लिहिता येत नाही, हे तेव्हाच कळवायला हवे होते.

शेठनी आवाज चढवला नाही. त्यांनी विचारले, कुणी घासली. तू म्हणालास, मीच. त्यांनी विचारले, कशाने. तू गप्प राहिलास. मग ते म्हणाले की एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मुलीचा साखरपुडा आहे, मुलाकडची माणसे रेवसहून याच गाडीतून येणार, आणि त्या दिवशी हे जाळे दिसले तर ते मुंबईहून दुसरा माणूस आणतील. एवढे बोलून ते चहाला गेले. ड्रायव्हरची ती जागा म्हणजे तुझे सगळे होते. तुला दुसरे काही नको होते, मुंबईही नको होती. मी दोनदा बोलावले होते.

पत्रात पुढे तू काय काय करून पाहिलेस ते होते. आधी खोबरेल. आपल्याकडे कुलपाला, बिजागरीला, केसांना, रहाटाला, सगळ्याला खोबरेल लागते, तसे तू ते बॉनेटलाही लावलेस. रेघा गेल्या. गाडी इतकी काळीभोर झाली की वहिनींनी तिची दृष्ट काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तू अलिबागला जाऊन आलास आणि सगळी तांबडी धूळ तेलावर बसली. ती धुऊन काढल्यावर रेघा जास्तच दिसू लागल्या. मग अलिबागच्या एका सोनाराने तुला समुद्रफेस सुचवला. समुद्रफेस म्हणजे माकुळ माशाच्या अंगातले पांढरे, हलके हाड, आपल्या किनाऱ्यावर भरतीबरोबर येऊन पडते ते. सोनार त्याच्या भुकटीने दागिने उजळतात. तुला ते करावेसे वाटत होते, पण धीर होत नव्हता. शेवटी लिहिले होतेस, ‘तू मुंबईत इचार. पॉलिश कंचं ते कळव. संपादकांनी येवढं करावं.’ मी संपादक नाही, बातम्यांच्या टेबलावरचा एक मदतनीस आहे, हे तुला पक्के ठाऊक होते.

पत्र नऊ दिवस माझ्या टेबलावर पडून राहिले.

ते दिवस नव्या राज्याचे होते. मुंबईसह महाराष्ट्र होत होता. आम्ही सगळे कचेरीत राहत होतो, मजकूर वाढत होता, पाने अपुरी पडत होती. ही कारणे खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. मी पत्र दहाव्या दिवशी, शुक्रवारी फोडले. त्यात ‘एक रविवार सोडून दुसरा’ असे होते. मी तो वाचल्या दिवसापासून मोजला आणि माझ्या हातात नऊ दिवस आहेत असे धरले. पत्राच्या डोक्यावर तू तारीख घातली होतीस, ती मी पाहिली नाही. साखरपुडा प्रत्यक्षात दोन दिवसांवर होता. मजकुराची तारीख न पाहता बातमी लावणाऱ्या शिकाऊ उमेदवाराला मी सगळ्यांसमोर उभा करून बोलतो.

शनिवारी मी मोटारीच्या सामानाच्या बाजारात गेलो. दुकानदाराने समोर तीन डबे ठेवले. पहिल्यात राखाडी रंगाची जाड पेस्ट होती. नवा रंग मारल्यावर त्याचा खडबडीतपणा काढायला ती वापरतात. दुसऱ्यात दुधासारखे पातळ पॉलिश. तिसऱ्यात मेण. दुकानदार पेस्टची शिफारस करत होता, एका हातात काम होते म्हणे. माझे समाधान होईना, म्हणून तिन्ही डब्यांतले थोडे थोडे कागदावर घेऊन मी ओळखीच्या एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे एक म्हातारा रंगारी आहे. त्याने प्रत्येक नमुना आधी दोन बोटांत चोळला, मग आपल्या अंगठ्याच्या नखावर. पेस्टने नखाची चमक गेली. पातळ पॉलिशने नख होते त्याहून उजळले. मेणाने ते नुसते तुकतुकीत झाले, आणि पुसल्यावर होते तसे.

तो म्हणाला, ‘रेघ नखाला लागत नाही म्हणतोस ना? मग ती रंगाच्या वरच्या वरच आहे. तिच्यासाठी ही जाडी पेस्ट कशाला? रंग काय परत उगवतो? आधी सगळ्यात नरम असेल ते लाव. त्याने गेली तर देवाची कृपा, नाही गेली तर मग पुढचं. आणि मेण शेवटी. आधी मेण म्हणजे जखमेवर पावडर.’

रेघा पडतात कशाने, हेही मी विचारले. तो म्हणाला, धुळीवर कोरडे काहीतरी घासले आहे, दुसरे काही नाही. ते कोरडे काहीतरी म्हणजे गोणपाट असणार, असे मी गृहीत धरले.

मी पातळ पॉलिशचा डबा घेतला आणि सोमवारी पार्सल केले. बरोबर दीड पानांचे पत्र. ते पत्रही काल मला परत वाचायला मिळाले, वहिनींनी ट्रंकेतून काढले. चांगले पत्र आहे. आधी गाडी भरपूर पाण्याने धू. सावलीत उभी कर, पत्रा गार होऊ दे. डिकीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी पाहत नाही, तिथे आधी लावून बघ. कडांवर जोर देऊ नकोस, कडेला रंग पातळ असतो. हात गोल फिरवू नकोस, सरळ फिरव. फडके काळे होईल, घाबरू नकोस, तो वरचा मेलेला रंग आहे. समुद्रफेस अजिबात लावू नकोस. ते सोन्यासाठी आहे आणि मोटारीचा रंग म्हणजे सोने नव्हे. आणि शेवटची ओळ, खाली रेघ मारलेली: ‘ज्या कुणी हे केले आहे, त्याचा हात पुन्हा गाडीला लागू देऊ नकोस.’

तुझे उत्तर कार्डावर आले. ‘डबा मिळाला. गाडी आरशासारखी झाली. शेठ काही बोलले न्हाय. संपादकांचे आभार.’

मी ते कार्ड कचेरीत दोघांना दाखवले. एका वर्तमानपत्रवाल्याने मोटारीचे काम कसे चोख केले याची गोष्ट मी पुढे दोन महिने सांगत होतो. कार्डावरचे प्रत्येक वाक्य खरे होते. फक्त कोणते आधी घडले आणि कोणते नंतर, ते तू लिहिले नव्हतेस. माझ्याकडून शिकलास की काय, कोण जाणे. बातमी खरी ठेवून वाचणाऱ्याला चुकीच्या दाराने आत न्यायचे, हे आम्हा लोकांचे काम आहे. तुझे नव्हते.

काल वहिनींनी डबा समोर ठेवला. झाकणावरची कागदी पट्टी फाटलेली नाही. बाहेरचा खाकी कागदही त्यांनी घडी करून ठेवला होता. त्यावरचा अलिबाग पोस्टाचा शिक्का मी पाहिला. साखरपुड्यानंतरचा तिसरा दिवस.

मी विचारले, मग गाडी कशाने साफ केली?

त्या म्हणाल्या, ‘भावजी, आठ दिस पोष्टमनाची वाट बघितली. रोज फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मंग शुक्रवारी म्हणाले, आता न्हाय यायचं, चल समुद्रावर.’

तुम्ही दोघे ओहोटीला किनाऱ्यावर गेलात आणि टोपलीभर समुद्रफेस वेचून आणलात. तू त्याची वरची कडक पाठ काढून टाकलीस आणि फक्त आतला मऊ भाग चमच्याने खरवडलास. भुकटी पाट्यावर वाटलीस. वहिनींचे एक जुने, धुऊन धुऊन विरलेले लुगडे होते, त्यातून ती तीनदा गाळलीस. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातावर टाकून विचारलेस, काय लागतंय का. त्या म्हणाल्या, हातावर काही हाय हेच कळंना. मग तू ती स्वतःच्या नखावर चोळून पाहिलीस. मुंबईच्या रंगाऱ्याची ती युक्ती तुला कुणी सांगितली होती? कुणी नाही. दोन थेंब खोबरेल, चार थेंब आमच्या वाडीतल्या विहिरीचे गोडे पाणी. आधी डिकीच्या आत, जिथे कुणी पाहत नाही. मग शनिवारी सकाळपासून उंडीच्या झाडाखाली, सावलीत, हात सरळ धरून. फडके काळे झाले तेव्हा तू घाबरून थांबलास. वहिनी म्हणाल्या की तू बराच वेळ नुसता त्या फडक्याकडे पाहत उभा होतास. मग म्हणालास, ‘मेलेलं निघतंय, जित्याला काय होत न्हाय,’ आणि पुन्हा हात लावलास. त्या फडकी धूत होत्या आणि तू पुसत होतास. संध्याकाळी शेठना आणायला रेवसला निघेपर्यंत दोघे.

साखरपुड्याच्या दिवशी शेठ बॉनेटसमोर उन्हात उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले आणि काही न बोलता निघून गेले. जागा वाचली.

म्हणजे माझ्या दीड पानातली प्रत्येक सूचना तू पत्र मिळण्याआधीच पाळली होतीस, आणि जी गोष्ट मी करू नकोस म्हणून लिहिली होती तिनेच काम झाले होते. हे तू मला सांगितले नाहीस. वैशाखात, पावसाळ्यासाठी लाँच बंद होण्यापूर्वी मी आलो, तेव्हा आपण दोन तास समुद्रफेसावर भांडलो. मी तुला पटवून देत होतो की ते धोक्याचे आहे. तू म्हणत होतास की सोनार चुकत नाही, चुकला तर हात चुकतो. मी म्हणालो, मोटार म्हणजे दागिना नव्हे. तू म्हणालास, शेठला इचार. मी हरलो नाही, तूही नाही, आणि सगळा वेळ ते बॉनेट तिथे समोर होते. माझा पुरावा म्हणून मी त्याच्याचकडे बोट दाखवत होतो.

तेवढा राग कदाचित मी गिळला असता. मित्राला त्याच्या चुकीत सुखाने राहू देणे हा तुझा स्वभाव होता, आणि शाळेत गणितात माझ्या चुका पाहून तू असाच गप्प बसायचास. पण मी वहिनींना आणखी एक प्रश्न विचारला. सवयीचा प्रश्न. रेघा मुळात पडल्या कशाने?

त्या उठल्या आणि आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात काही नव्हते. त्या उभ्याच राहिल्या.

‘तुम्हाला सांगू नको म्हणाले होते मला,’ त्या म्हणाल्या. ‘आता कोणाचं ऐकायचं मी. तुमच्या पेपरानी, भावजी.’

उन्हाळ्यात बंगल्यावरच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, समुद्र जवळ असल्याने. त्या पाण्याने गाडी धुतली की वाळताना काळ्या रंगावर पांढरे डाग उठतात. म्हणून माघ संपला की तू पाणी लावायचे बंद करायचास आणि पेपरने कोरडेच पुसायचास. काच चमकते तर पत्राही चमकेल. तीन उन्हाळे, रोज. किनाऱ्यावरून उडालेली वाळू, त्यावर माझा पेपर, आणि गोल फिरणारा हात. शेठनी बॉनेट दाखवले त्या दिवशी तू डिकीच्या आत एक कोपरा पेपरने घासून पाहिलास आणि उन्हात धरलास. जाळे उठले. म्हणजे मला पत्र लिहायला बसलास तेव्हा तुला सगळे माहीत होते. शेठनी कशाने घासली असे विचारले तेव्हा शंका तरी आली असणारच, आणि तू गप्प राहिलास. मलाही कळवले नाहीस. उलट माझ्याकडेच उपाय मागितलास.

का, असे मी विचारले. वहिनींनी सांगितले ते मी आहे तसे लिहितो.

‘म्हणाले, त्याला कळलं तर गठ्ठा बंद करंल. वाईट वाटून घेईल आनि बंद करंल. मंग आपन काय वाचायचं?’

आपण. जेवण झाल्यावर दुपारी तू त्यांना पेपर वाचून दाखवायचास, हे मला काल समजले. त्यांना वाचता येत नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट, आठवड्याचे शिळे पेपर, ओळीने. पेपर वाचून झाल्याशिवाय गाडीला लावायचा नाही असा तुझा नियम होता. घराच्या मागच्या खोलीत वैशाखापासूनचे सगळे गठ्ठे आहेत. सोडलेले, वाचलेले, पुन्हा त्याच सुतळीने बांधलेले. त्यानंतर एकही कागद गाडीला लागलेला नाही. माझ्या पेपरची इतकी कदर कुणी केली असेल असे वाटत नाही, मी स्वतः तर नक्कीच केलेली नाही. हे लिहिताना राग थोडा ओसरतो. तो ओसरू देणार नाही.

कारण तीच गोष्ट तू दुसऱ्यांदा केलीस. श्रावणात तुला कावीळ झाली. भूक गेली, अंग पिवळे पडले. वहिनी डॉक्टरकडे चल म्हणाल्या. तू गावठी औषध घेतलेस आणि कामावर गेलास. गणपतीत शेठचे सगळे कुटुंब बंगल्यावर होते, नवे व्याही येऊन जाऊन होते, गाडी दिवसातून चार वेळा अलिबागला जात होती. रजा मागितली की मुंबईचा माणूस येईल, असे तू वहिनींना सांगितलेस. डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून तू काळा चष्मा घेतलास. भर पावसात काळा चष्मा. शेठच्या मुलीने तुझी थट्टा केली, ड्रायव्हर हीरो झाला म्हणून, आणि तूही हसलास. त्या आठवड्यातले तुझे कार्ड माझ्याकडे आहे. त्यात मडगार्डच्या खाली गंज धरतो आहे, त्यावर काय लावावे, असे विचारले आहेस. मी त्या कार्डाला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. या वेळी उशीर केला नाही.

पत्र्याला काय झाले आहे ते तू मला चार ओळींत नेमके लिहायचास. तुझ्या अंगाला काय झाले आहे त्याचे एक अक्षर नाही. तिथे तू नुसते खोबरेल लावत राहिलास.

तार आली तेव्हा लाँच सुरू झाली नव्हती. मी पेणवरून एस.टी.ने आलो आणि पोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. चौथ्या दिवशी शेठ भेटायला आले. अंगणात खुर्चीवर बसले, वहिनींना काय हवे नको ते विचारले. जाताना मला म्हणाले, ‘मला एक शब्द सांगितलं असतं तर मी त्याला महिनाभर घरी बसवलं असतं. तो दुसरा माणूस आणीन वगैरे, ते मी त्या दिवशी रागात बोललो होतो. दुसऱ्या दिवशी विसरलोही.’ ते खरे बोलत होते असे मला वाटते, आणि म्हणूनच त्यांचा राग धरता येत नाही. ते विसरले. तू मात्र चार महिने ते एक वाक्य घेऊन गाडी चालवत होतास. आणि मुंबईचा माणूस शेवटी आलाच. आठ दिवसांच्या आत.

आता त्या वैशाखातल्या भेटीचे. तुझ्याशी शेवटचे बोललो ते तेव्हाच. गाडी उंडीखाली उभी होती आणि पानांतून आलेले ऊन बॉनेटवर पडले होते. एकही रेघ नव्हती. माझ्या डब्याची करामत पाहून मी खूश झालो होतो. मी हात पुढे केला, बॉनेटवरून फिरवून पाहायला. तू झटकन माझे मनगट धरलेस.

‘हात लावू नको,’ तू म्हणालास. ‘तुझा हात पेनाचा हाय.’

तू हसत होतास. ओट्यावर वहिनी होत्या, त्याही हसल्या आणि मग मान वळवून आत गेल्या. मला वाटले, मेहनत केली आहे, म्हणून जपतो आहे. मीही हसलो. माझ्या पत्रातली रेघ मारलेली ओळ तुझ्या खिशात होती की ट्रंकेत, ठाऊक नाही, पण तू ती अक्षरशः पाळत होतास. ज्याने हे केले त्याचा हात तू गाडीला लागू दिला नाहीस. इतका स्वच्छ सूड, आणि ज्याच्यावर तो घेतला त्याला चार महिने पत्ता नाही. काल समजल्यावर मी तुझ्या ओट्यावर बसून तुला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. वहिनींनी ऐकून घेतले. बोला, म्हणाल्या, मीपन रोज बोलते.

आज सकाळी मी डबा घेऊन बंगल्यावर गेलो. त्या जुन्या लुगड्याची तू फडकी केली होतीस, त्यांतली दोन वहिनींनी दिली. आमच्या विहिरीची गोड्या पाण्याची बादली गड्याकडून आणवली. नवा ड्रायव्हर वाईट माणूस नाही. त्याला कुणी काही सांगितलेले नाही, इतकेच. मी त्याला बॉनेट उन्हात पाहायला लावले. एवढ्या थोड्या दिवसांतच बारीक जाळे उठू लागले आहे, अजून नखाला लागत नाही. त्याला ते दिसायला वेळ लागला. दिसल्यावर मात्र त्याने खाकी फडके बाजूला ठेवले. मग आधी पाणी, मग सावली, मग सरळ हात, हे मी त्याला क्रमाने सांगितले. यातले माझे काहीच नाही, हेही सांगितले.

त्याने डब्याची पट्टी फाडली, फडके भिजवले आणि पिळून माझ्यापुढे धरले. म्हणाला, ‘साहेब, एकदा तुम्हीच करून दाखवा ना.’

‘हात तुम्ही लावा,’ मी म्हणालो, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो.